दात दुखण्याआधीची भेट: लहान मुलाला नियमित दंततपासणीसाठी कसे तयार करावे

बहुतेक घरांत मुलाची दातांच्या डॉक्टरांशी पहिली ओळख एखाद्या वाईट रात्रीनंतर होते. दाढ ठणकते, गाल सुजतो, मूल रात्रभर रडते आणि सकाळी आईवडील मिळेल त्या दवाखान्यात धाव घेतात. त्या दिवशी मुलाचे तोंड आधीच दुखत असते, झोप झालेली नसते आणि डॉक्टरांना काहीतरी उपचार करणे भाग असते. त्यामुळे दवाखाना आणि वेदना यांची मुलाच्या मनात जी गाठ बसते, ती सुटायला पुढे फार वेळ लागतो. म्हणूनच मुलाने दातांच्या डॉक्टरांना पहिल्यांदा, दुसऱ्यांदा आणि शक्य असेल तर तिसऱ्यांदाही अशा दिवशी भेटावे, ज्या दिवशी त्याचे काहीही दुखत नाही आणि डॉक्टरांनाही पाहण्यापलीकडे फारसे काही करायचे नाही. मुलाची तयारी म्हणून जे काही करायचे, ते सगळे या एका गोष्टीला पूरक असावे.

पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. तो आल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली तपासणी व्हावी, अशी बालदंतवैद्यकातील सर्वमान्य शिफारस आहे. चार-सहा दातांत डॉक्टर पाहणार तरी काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. ते बाळाचा वरचा ओठ उचलून समोरच्या दातांची हिरडीलगतची कड पाहतात. तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसू लागली, तर ती किडीची पहिली खूण असते, आणि या टप्प्यावर खड्डा पडण्याआधी कीड थोपवता येते. रात्री बाटलीने दूध पीत झोपणाऱ्या बाळांमध्ये ही रेघ विशेष आढळते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळ यांच्यामुळे बरेचसे वाचतात, पण वरच्या दातांवर दूध रात्रभर साचून राहते. आपले मूल आता तीन किंवा पाच वर्षांचे असेल आणि अजून एकदाही तपासणी झालेली नसेल, तर हळहळत बसण्याचे कारण नाही. पुढील सर्व तयारी त्या वयातही तितकीच उपयोगी पडते.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला?’ हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकू येते. त्यांना शांतपणे सांगावे की दुधाचे दात वीस असतात. त्यांतील पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला आणखी पाच-सहा वर्षे जेवायचे असते. शिवाय ती दाढ खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवत असते. ती लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येण्याची शक्यता वाढते.

डॉक्टर कसे निवडावेत

मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विशेषज्ञ असतात. बीडीएस झाल्यानंतर बालदंतवैद्यक या विषयात तीन वर्षांचा एमडीएस अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या या डॉक्टरांना आपल्याकडे बोलीभाषेत ‘पेडो’ किंवा मुलांचे डेंटिस्ट म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत असे डॉक्टर शोधणे अवघड नाही. नवी मुंबई परिसरात दंत महाविद्यालयेही बरीच आहेत: नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी आणि कामोठ्याला एमजीएम. दंत महाविद्यालयांत बालदंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे केसपेपर काढावा लागतो, वेळ जास्त जातो, विद्यार्थी-डॉक्टर आधी पाहतात आणि नंतर त्यांचे वरिष्ठ पुन्हा पाहतात. खर्च मात्र खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी होतो. माझ्या मते, अनोळखी माणसांत बुजणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाची पहिली भेट लहान, शांत दवाखान्यात व्हावी आणि मूल थोडे रुळल्यावर महाविद्यालयाचा पर्याय घ्यावा. खर्चाची अडचण असेल, तर हा क्रम पाळण्याच्या नादात तपासणी लांबवू नये.

वेळ ठरवण्यासाठी फोन कराल तेव्हा काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. एवढ्या लहान मुलाला कसे बसवून किंवा झोपवून तपासतात? आई किंवा वडील सोबत राहू शकतात का? मूल रडू लागले तर काय करतात? तातडीची गरज नसेल, तर पहिल्या दिवशी केवळ तपासणी करून उपचार पुढच्या भेटीत करता येईल का? उत्तर देणाऱ्या व्यक्तीने न कंटाळता सांगितले, तर बरेचसे समजते. ‘तुम्ही घेऊन या, आम्ही धरून करतो’ असे उत्तर मिळाले, तर नियमित तपासणीसाठी दुसरा दवाखाना पाहावा, असे मी ठामपणे म्हणेन.

वेळ शक्यतो सकाळची घ्यावी, म्हणजे मुलाची झोप आणि नाश्ता दोन्ही झालेले असतात. संध्याकाळी घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर अडकून पडलेले मूल दवाखान्यात पोहोचण्याआधीच थकलेले असते आणि मग नुसते ‘आ कर’ म्हटले तरी त्याचा बांध फुटतो. ठाण्याहून नेरूळला किंवा खारघरला जायचे असेल, तर ट्रान्स-हार्बरची लोकल गर्दीची वेळ टाळून धरावी. मुलाच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत भेट कधीही ठरवू नये.

घरातले बोलणे

तयारीचा सर्वांत मोठा भाग इथे आहे, आणि तो मुलापेक्षा मोठ्यांनी करायचा आहे. ‘नीट जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’, ‘चॉकलेट खाल्लेस ना, आता डॉक्टर दात उपटणार’ ही वाक्ये आपल्या घरांत इतकी सहज बोलली जातात की त्यांत काही चुकते आहे असे वाटतही नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला यातून एकच गोष्ट समजते: डॉक्टर हे शिक्षा देणारे माणूस आहे आणि माझ्याकडून चूक झाली की मला त्यांच्याकडे नेले जाते. असे मूल खुर्चीत बसताना रडले, तर ते हट्टी नसते. त्याने मोठ्यांचे बोलणे खरे मानलेले असते. म्हणून तपासणीच्या निदान काही आठवडे आधी घरातील सर्वांनी, आजी-आजोबा, मावशी, सांभाळणाऱ्या ताई यांच्यासह, डॉक्टरांच्या नावाने धाक दाखवणे पूर्णपणे बंद करावे. आजीला हे सांगताना तिची चूक काढल्यासारखे होऊ नये. ‘आई, त्याला डॉक्टरांकडे आनंदाने जायचे आहे, तुम्हीच त्याला समजावून सांगा’ असे म्हटले, तर हेच काम ती आपल्यापेक्षा चांगले करते.

दुसरी सवय म्हणजे धीर देण्यासाठी बोललेले खोटे. ‘काही होणार नाही’, ‘अजिबात दुखणार नाही’, ‘आपण बागेत चाललो आहोत’. ‘दुखणार नाही’ या वाक्यातून मुलाच्या कानात ‘दुखणे’ एवढेच शिरते, आणि ज्या गोष्टीचा विचारही त्याच्या मनात नव्हता ती आपणच तिथे पेरतो. बागेचे सांगून दवाखान्यात नेले, तर पुढच्या वेळी ते खऱ्या बागेत जायलाही कचरेल. त्यापेक्षा जे घडणार आहे ते साध्या शब्दांत आणि क्रमाने सांगावे: ‘उद्या आपण दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. तिथे एक मोठी खुर्ची आहे, ती वर-खाली होते. डॉक्टर तोंडावर मास्क आणि हातात मोजे घालतील. छोट्या आरशाने तुझे दात बघतील आणि मोजतील. मी तुझ्याजवळच असेन.’ एवढे पुरे. आपण लांबलचक समजावत बसलो, तर मुलाला उलट शंका येते.

मुलाने स्वतःहून ‘सुई टोचणार का?’ असे विचारले, तर विषय बदलू नये. ‘आज डॉक्टर दात बघणार आहेत. काही करायचे असेल तर आधी तुला आणि मला सांगतील’ हे उत्तर खरे आहे आणि ते पाळताही येते. डॉक्टर काय करणार नाहीत याची हमी आपण देऊ नये, कारण तो शब्द राखणे आपल्या हातात नसते. फोनवर आधी बोलून ठेवल्याचा उपयोग इथे होतो.

कधी सांगावे, हे वयावर ठरवावे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगितले तरी चालते. चार-पाच वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला अवधी मिळतो. आठवडाभर आधीपासून रोज तोच विषय काढू नये. आईवडिलांपैकी एकाला स्वतः दातांच्या डॉक्टरांची भीती वाटत असेल, तर त्याने आपले जुने अनुभव मुलासमोर बोलू नयेत, आणि सोबत दुसऱ्याने जावे. मूल आपल्या शब्दांपेक्षा आपल्या हाताची पकड आणि चेहरा अधिक लवकर वाचते.

घरातला सराव

एक-दोन वर्षांच्या मुलाला डॉक्टर बहुधा मोठ्या खुर्चीत झोपवत नाहीत. पालक आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल पालकाच्या मांडीवर त्याच्याकडे तोंड करून बसते आणि मग हळूच मागे झोपवले जाते, म्हणजे त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर येते. मुलाला आईचा चेहरा दिसत राहतो, त्याचे हात आईच्या हातात असतात आणि डॉक्टरांना वरून तोंड नीट दिसते. ही रचना घरी सहज बसवता येते. सतरंजीवर आई आणि बाबांनी, किंवा आई आणि आजीने, समोरासमोर बसून मुलाला असे झोपवावे, एकाने त्याचे दात मोजावेत आणि लगेच उठवावे. दोन-तीन दिवसांत मुलाला तो खेळ वाटू लागतो.

एरवीही लहान मुलाचे दात घासताना त्याला बेसिनसमोर उभे करण्यापेक्षा मांडीवर डोके ठेवून झोपवणे अधिक सोयीचे पडते. वरचा ओठ बोटाने उचलता येतो, दाढांच्या मागच्या बाजूपर्यंत ब्रश पोहोचतो आणि मुलाला पाठीवर झोपून तोंड उघडे ठेवण्याची सवय होते. दवाखान्यात मुले सर्वांत जास्त घाबरतात ती या झोपण्यालाच, कारण पाठीवर पडले की आपले नियंत्रण गेले असे त्यांना वाटते. ज्या मुलाचे दात रोज असे घासले जातात, त्याला तपासणीतील निम्मी गोष्ट आधीच ओळखीची असते. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत, निदान रात्रीचे, दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. मशेरी किंवा खरखरीत दंतमंजन मुलांच्या दातांना लावू नये. मशेरीत तंबाखू असते.

याला जोडून काही लहान सराव करावेत. स्वयंपाकघरातला छोटा स्टीलचा चमचा उलटा धरून दाढांना हलकेच टेकवावा, म्हणजे तोंडात धातूचा थंड स्पर्श अनोळखी राहत नाही. टॉर्चच्या उजेडात दात मोजावेत. ‘आ’ करून आधी पाच आणि मग दहा आकडे होईपर्यंत थांबण्याचा खेळ खेळावा. मग आपण आडवे व्हावे आणि मुलाला डॉक्टर करून आपले दात मोजू द्यावेत. वीसच्या पुढचे आकडे येत नसले तरी त्याला मध्येच दुरुस्त करू नये.

एक खूण मात्र आवर्जून शिकवावी: हात वर केला की मोजणारा थांबतो. घरच्या खेळात मुलाने हात वर केला की खरोखरच लगेच थांबावे, मग ते गंमत म्हणून दर दोन दातांनंतर हात वर करत असले तरीही. थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे याची खात्री पटली की मूल तो फार वेळा वापरत नाही. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना ही खूण सांगावी.

मोठ्या भावंडाची तपासणी पाहण्याने मुलाला फार धीर येतो, पण ते भावंड स्वतः निर्धास्त असेल आणि त्या दिवशी त्याचे केवळ दात पाहायचे असतील, तरच धाकट्याला सोबत न्यावे. दवाखाना नौपाड्यात किंवा वाशीच्या आपल्याच सेक्टरमध्ये चालत जाण्याजोगा असेल, तर आधी एका संध्याकाळी नुसते जाऊन यावे, पाटी दाखवावी, परवानगी असेल तर आत दोन मिनिटे बसावे आणि परतावे. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांना आणखी एक संधी मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला, आणि त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आरोग्यतपासणी होते, तिच्यात दातांचाही समावेश आहे. तिथे वरवरच पाहिले जाते, त्यामुळे दवाखान्यातील तपासणी टळत नाही. पण अनोळखी डॉक्टरांसमोर तोंड उघडण्याचा सराव मुलाला होतो.

त्या दिवशी

मुलाला भुकेले नेऊ नये आणि अगदी जेवणानंतर लगेचही नेऊ नये, कारण आरसा मागे गेला की काही मुलांना उमळते. तास-दीड तास आधी हलके खाणे झालेले असावे. निघण्यापूर्वी दात घासावेत. सोबत आवडते खेळणे, मूल पांघरून झोपते ती दुपट्टी, चालू औषधांची माहिती आणि वापरातल्या पेस्टचा फोटो घ्यावा. मुलाला हृदयाचा आजार, दमा, फिट येण्याचा त्रास किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते आत जाण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. बाटली, रात्रीचे दूध, दुधात बुडवलेली बिस्किटे, गोड सिरप यांविषयी खरे तेच सांगावे. डॉक्टर हे सारे दोष देण्यासाठी विचारत नसतात. कीड होण्याचा धोका किती आहे, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

आत गेल्यावर पालकांनी कमी बोलावे. बालदंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, करा’ अशी जुनी आणि रुळलेली पद्धत आहे: डॉक्टर आधी वस्तूचे नाव सांगतात, मग ती मुलाच्या बोटावर किंवा नखावर लावून दाखवतात आणि त्यानंतरच तोंडात नेतात. त्याच वेळी आई एका बाजूने ‘मोठा आ कर’ आणि बाबा दुसऱ्या बाजूने ‘घाबरू नको’ असे सांगत राहिले, तर मुलाला डॉक्टरांचा आवाज ऐकूच येत नाही. पायाला किंवा हाताला हलका स्पर्श ठेवावा आणि बोलणे डॉक्टरांवर सोपवावे. मोबाइलवर व्हिडिओ काढण्याचा मोह आवरावा.

दीड-दोन वर्षांचे मूल तपासणीत रडेल, असे गृहीतच धरावे. या वयात ते रडणे स्वाभाविक आहे, आणि रडताना तोंड मोठे उघडत असल्याने डॉक्टरांचे काम दोन-तीन मिनिटांत आटोपते. ते संपताच मुलाला उठवून कुशीत घ्यावे. ‘रडतोस काय, तो बघ कसा शहाणा बसला आहे’ असे दुसऱ्या मुलाकडे बोट दाखवून म्हणू नये.

कधी कधी डॉक्टर दातांवर फ्लोराइडचा वार्निश लावतात. ब्रशने पातळ थर लावायचा असतो आणि त्याला मिनिटभर पुरते. त्यानंतर काही तास कडक आणि फार गरम पदार्थ देऊ नयेत आणि पुढचे दात घासणे डॉक्टर सांगतील त्या वेळी करावे. दात तात्पुरते पिवळसर दिसू शकतात. एक्स-रे प्रत्येक भेटीत लागत नाही. दाढा एकमेकींना चिकटलेल्या असून मधली फट डोळ्यांना दिसत नसेल, तर तो काढावा लागतो. तो का काढायचा आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

परतताना आणि पुढे

‘शाब्बास’ या एका शब्दापेक्षा ‘डॉक्टर दात मोजत होते तेव्हा तू किती वेळ तोंड उघडे ठेवलेस’ असे नेमके कौतुक करावे. बक्षीस आधी कबूल करू नये, कारण ‘रडला नाहीस तर गाडी देईन’ म्हटले की रडण्यासारखे काहीतरी होणार आहे, असे मूल ताडते. परतताना मासुंदा तलावाच्या काठाने एक फेरी मारावी किंवा आवडीचे चित्रांचे पुस्तक घ्यावे. चॉकलेट मात्र त्या दिवशी नको.

मुलाने तोंड उघडलेच नाही, तर भेट वाया गेली असे समजू नये. खुर्चीत बसले, डॉक्टरांचे नाव विचारले, आरसा हातात घेतला, एवढे झाले तरी दोन-तीन आठवड्यांनी पुढची वेळ घ्यावी आणि दरम्यान घरचा सराव चालू ठेवावा. स्वमग्न मुलांसाठी किंवा आवाज आणि उजेड सहन न होणाऱ्या मुलांसाठी अशा छोट्या भेटी सुरुवातीपासूनच ठरवाव्यात, दिवसातली पहिली वेळ मागावी आणि दवाखान्याचे फोटो घरी क्रमाने दाखवावेत. गालावर सूज, ताप किंवा हिरडीवर पुळी दिसली तर मात्र हा संथ क्रम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पुढची तारीख निघण्याआधीच घ्यावी आणि लसीकरणाच्या कार्डाजवळ लिहून ठेवावी. सर्वसाधारणपणे दर सहा महिन्यांनी तपासणी होते. कीड होण्याचा धोका अधिक असेल, तर डॉक्टर तीन महिन्यांनी बोलावतात. सहावे वर्ष लागल्यावरची भेट तर मुळीच चुकवू नये. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, आणि ती येताना कोणताही दात पडत नसल्यामुळे ती दुधाचीच आहे असा अनेक घरांत समज होतो. तिच्या खोल खाचांत कीड लवकर शिरते, म्हणून त्या खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवरच्या पातळ संरक्षक लेपाने, बंद करता येतील का, हे त्या भेटीत विचारावे. तोपर्यंत तपासण्या न दुखता झालेल्या असतील, तर डॉक्टर कदाचित आपल्याला बाहेर थांबायला सांगतील आणि पुढचे बोलणे थेट मुलाशीच करतील. मुलाची तयारी असेल, तर आपण बाहेर बसावे.